टाकीतलं तीर्थ

"आधी तेल बघायचं, मग हवा, मग वीज. माणसावर डाफरायचं ते सगळ्यांत शेवटी. इंजिन खोटं बोलत नाय, द्वारके. आपणच घाईत ऐकतो."

नवऱ्याला, जनार्दनला जाऊन पाच वर्षं झाली, तरी पान्याला हात घातला की द्वारकाच्या कानात आधी हेच उमटायचं. आजही उमटलं. शेवरे बंदरात 'नवलाई'च्या पोटात, इंजिनाशेजारच्या वीतभर जागेत ती पदर खोचून बसली होती. वर फळीवर म्हादू वासावे उभा होता. होडी त्याची, बंदरातल्या सोसायटीचा अध्यक्षही तोच, आणि सकाळपासून डाफरतही तोच होता.

"पुन्हा मारू स्टार्टर?"

"मारा भावजी."

खर्र, खर्र, खर्र. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही.

"इंजिन निरोगी आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा," इंजिनावर बसवलेली पांढरी डबी गोड आवाजात म्हणाली.

"निरोगी मेली!" म्हादू ओरडला. "मढंपण निरोगीच असतं. त्याची कसली तक्रार नसते!"

बंदरात या डबीला सगळे डॉक्टर म्हणत. चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून ती प्रत्येक होडीवर आली. इंजिनाची थरथर ऐकायची, लाखभर इंजिनांच्या आवाजाशी ती ताडून बघायची आणि काय दुखतंय ते सांगायचं, हे तिचं काम. बहुतेक वेळा ती बरोबर सांगायची. द्वारकाला तिचा राग नव्हता. पण जे कुणी कधी ऐकलंच नाही ते डॉक्टरला शिकवणार कोण, असं तिला वाटे.

"धूर बघा भावजी. नळकांड्यातून काही येतंय?"

"काय नाय. काळा नाय, पांढरा नाय."

धूर नाही म्हणजे तेलच पोचत नाही. टाकीचा कॉक उघडा होता. तिनं गाळणीवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि हातपंप दाबायला घेतला. नळीत हवा अडकली असली की इथून बुडबुडे निघतात, मग फेस, मग स्वच्छ तेलाची धार. आज बुडबुडाही आला नाही. पंप कणकेत बोट रुतावं तसा दाबला जाई आणि तसाच राही. हवेची अडचण नव्हती, वाटच बुजली होती.

तिनं गाळणी उतरवली. आतल्या कागदी घड्यांवर तपकिरी साय चढली होती. पेजेवर धरते तशी, पण चिवट. बोटानं उचलली तर लांबलचक तार आली. आंबूस वास सुटला.

श्रावणभर ती एकभुक्त असे, दिवस मावळल्यावर जेवायची. रिकाम्या पोटी तो वास डोक्यात गेला. तिनं तोंड फिरवून दोन श्वास घेतले आणि पिशवीतून नवी गाळणी काढली.

नवी बसवली, पंप दाबला, बुडबुडे गेले, धार आली, स्क्रू आवळला.

"मारा."

पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं. म्हादूनं नवलाईच्या नावानं आरोळी ठोकली. शेजारच्या दोन होड्यांवरची माणसं हसली.

"बस वैनी, बंद कर आता. दोन मिनिटं चालली की झालं. उगा डिझेल कशाला जाळायचं?"

हा बंदराचाच रिवाज होता. पावसाळी बंदी संपली की होडी पाण्यात लोटायची, इंजिन दोन मिनिटं वाजवून बघायचं आणि बंद करायचं. मागच्या चार दिवसांत चौतीस होड्यांची इंजिनं अशीच वाजली होती. अठ्ठावीस सुरू झाली. सहा रुसली, त्यातली पाच इतरांनी गाळण्या बदलून हसवली. उद्या नारळी पुनवेचा नारळ पडला की सगळ्या खाडीबाहेर पडणार होत्या.

द्वारकाचा नेम वेगळा. तिच्याकडं घड्याळ नसे. इंजिन दुरुस्त झालं की ती डोळे मिटून बोटांच्या पेरांवर दोन माळा जप करी. तोवर ते चालू राहिलं तरच ती पान्याला फडकं गुंडाळायची. म्हादूला हे ठाऊक होतं. तो कपाळाला हात लावून कठड्यावर बसला.

दुसरी माळ सरत आली आणि आवाज बदलला. इंजिन धापलं, एकदा सावरलं, पुन्हा धापलं आणि थांबलं.

बारा मिनिटं झाली असतील. धक्क्यापासून खाडीच्या मुखाशी जायला एवढाच वेळ लागतो. मुखावर रेतीची दांडी, आणि श्रावणात त्या दांडीवर घराएवढी लाट फुटते. तिथं बंद पडलेली होडी आडवी होते. आडवी झालेली होडी किती वेळ टिकते, हे शेवऱ्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

जनार्दननं शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन मुखावर बंद पडलेलं नाय. आता हात तुझा." ती म्हणाली होती, "नाही पडणार."

"आता काय?" म्हादूनं विचारलं. डाफरणं संपलं होतं.

"टाकीचा तळ बघू."

तळाच्या नळाखाली तिनं काचेची बरणी धरली. आधी पाणी आलं, मग तपकिरी गाळ, मग तेल. बरणी स्थिर ठेवली तसे तीन थर वेगळे झाले. खाली पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधोमध ती चिवट साय. बरणी उजेडात धरली तर साय किंचित हलत होती.

"पाणी कसं शिरलं? झाकण मी घट्ट लावलेलं."

"टाकीला घाम येतो भावजी. तुम्ही पाव टाकी ठेवता, बाकी हवा. दिवसा तापते, रात्री निवते. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं. आणि या वर्षी ते करंजाच्या तेलाचं मिश्र डिझेल आलं. ते पाणी जास्त धरतं."

हे बोलता बोलता तिनं बोट पाण्याच्या थरात बुडवलं आणि जिभेला लावलं. म्हादूनं तोंड वाकडं केलं. तिनं थुंकून टाकलं आणि तशीच बसून राहिली.

पाणी मचूळ होतं.

घामाचं पाणी गोडं असतं. पावसाचंही गोडंच. मग हे मीठ टाकीत आलं कुठून?

उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती उठत नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, झापांनी झाकल्या, की शेवऱ्यात होडीची ओटी भरतात. दोन महिने ती जमिनीवर राहणार, माहेर सुटल्यासारखी. तिला समुद्राचा विसर पडू नये म्हणून समुद्राच्या पाण्याच्या सात पळ्या तिच्या पोटात घालायच्या. शिडाच्या काळात त्या नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या खोबणीत पडत. इंजिनं आली तसं पोट म्हणजे टाकी झाली. हे काम इंजिन बघणाऱ्या घरातल्या बाईचं. द्वारका नवी सून असताना सासूनं तिच्या हातात तांब्याची पळी देऊन सांगितलं होतं, "सात म्हंजे सात. मोजताना बोलायचं नाय." जनार्दन हसायचा. म्हणायचा, "तू तीर्थ घाल, मी काढतो." ऑगस्टमध्ये गाळणीखालच्या वाटीत ते पाणी उतरे आणि तो ओतून टाकी. कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

तो गेल्यावर ती पळी खाली ठेवायला निघाली होती. तेव्हा हाच म्हादू म्हणाला होता, "पाणी समुद्राचं हाय वैनी. हात कुणाचा का असंना." यंदाही चौतीस टाक्यांत तिनंच सात सात पळ्या घातल्या होत्या. न बोलता.

*

द्वारकाची लेक वैजयंती दुपारच्या गाडीनं आली. तिनं पिशवी अंगणातच ठेवली, कारण आई घरात नव्हती, शेडमध्ये होती आणि तिच्यासमोर बरणी होती. पलीकडं देवळापुढं मांडव घालायचं काम चाललं होतं. उद्या नारळाच्या आधी त्याच मांडवात वैजयंतीचा सत्कार होता. शाल, मानपत्र आणि बंदरातल्या बायकांनी मिळून विणलेलं एक छोटं जाळं.

तीन वर्षांपूर्वी एक मालवाहू जहाज बाहेरच्या खडकावर फुटलं आणि काळं तेल खाडीत आलं. कालवं मेली, कोळंबी मेली, चिखलातले खेकडे डांबरात माखून मेले. तेव्हा वैजयंती ज्या संस्थेत काम करी तिथल्या चार जणांनी, त्यांत तीही होती, एक जंतू घडवला. तेल हेच त्याचं अन्न. ड्रोननं तो खाडीवर फवारला आणि चार महिन्यांत खाडी मोकळी झाली. शेवऱ्यातली पोरं त्याला तेलखाऊ म्हणत. आंघोळीच्या साबणाला बंदरात कुणी एवढं प्रेमानं नाव दिलं नव्हतं.

"आये, काय गो हे?"

"तूच बघ. तुझी निळी बॅटरी आणलीस?"

खाडीचं पाणी तपासायला ती बॅटरी वैजयंतीच्या खिशातच असे. तेलखाऊला ओळखता यावं म्हणून घडवतानाच त्याच्यात एक खूण ठेवली होती. निळ्या उजेडात तो हिरवा चमके. द्वारकानं शेडचं दार ओढून घेतलं. वैजयंतीनं बटण दाबलं.

बरणीच्या मधोमध हिरवी रेघ उजळली.

वैजयंतीनं बरणी फिरवून दुसऱ्या बाजूनं उजेड टाकला. मग ती म्हणाली, "हे होऊ शकत नाही."

"झालंय खरं."

"तो खारट पाण्याशिवाय जगतच नाही, आये. गोड्या पाण्यात पडला की पाणी आत घुसतं, तो फुगतो नि फुटतो. आम्ही हजार वेळा बघितलंय. तेवढ्यासाठीच तर परवानगी मिळाली. नदीत जाणार नाही, विहिरीत जाणार नाही, कुणाच्या टाकीत तर—" ती थांबली. "टाकीत मीठ आलं कसं?"

"मी घातलं."

वैजयंतीला क्षणभर समजलं नाही. मग तिची नजर कोनाड्यातल्या तांब्याच्या पळीकडं गेली.

"पण ते सात पळ्याच," ती स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागली. "त्यात तो होता, खाडीतलाच. मग टाकीला घाम येत गेला, थेंब थेंब. दोन महिने पाणी हळूहळू गोडं होत गेलं... आम्ही त्याला नेहमी एकदम गोड्या पाण्यात टाकला, आये. हळूहळू सवय लावून कुणी बघितलंच नाही."

"सून एकदम चार माणसांत आली की बुजते," द्वारका म्हणाली. "हळूहळू रुळली की घर तिचंच होतं."

वैजयंती हसली नाही. "आणि वर करंजाचं तेल. त्याला ते डिझेलपेक्षा सोपं. आयतं ताट."

"किती होड्यांत असेल?"

"तू ओटी भरलीस तेवढ्या."

बाहेर मांडवाच्या बांबूवर कुणीतरी हातोडी मारत होतं. वैजयंती स्टुलावर बसली.

"मला चार दिवस दे. नमुना तपासते, संस्थेला लेखी कळवते. असं तोंडी सुटलं तर पुढच्या महिन्याचा फवारणीचा निर्णय अडकेल. अजून अकरा खाड्या आहेत. तिथं मासे मरतायत, माणसं वाट बघतायत."

"होड्या उद्या जाणार."

"सुरू तर झाल्यात ना?"

"दोन मिनिटं चालवून बंद केल्यात. बाहेर पडल्या की होडी हलणार, तळाची साय वर येणार, गाळणीत बसणार. नवलाई बारा मिनिटं चालली. नवी गाळणी घालून."

वैजयंती याच बंदरात वाढली होती. बारा मिनिटांचा हिशेब तिला समजावावा लागला नाही. तिनं बॅटरी हातात उगाच उघडझाप केली. हिरवी रेघ दिसे, जाई, दिसे.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग मी सांगते. जंतू आमचा, चूक आमची. तू ओटीचं काढू नकोस. लोक तीर्थाला नावं ठेवतील, तुझ्या हाताला ठेवतील. उगाच."

"ओटीचं नाही सांगितलं तर पुढल्या वर्षी मी पुन्हा घालणार, आणि ते पुन्हा हात जोडून उभे राहणार. अर्धं सांगून टाकी अर्धीच धुतली जाते, बाय."

दार सरकलं. म्हादू आत आला. कधीपासून बाहेर होता कोण जाणे. त्यानं बरणीकडं बघितलं, वैजयंतीकडं बघितलं आणि हातातली टोपी झटकली.

"मी काय ऐकलं नाय," तो म्हणाला.

"ऐकलंत भावजी."

"ऐकलं तर ऐकलं. आता माझं ऐक. नवलाई तू साफ कर. बाकीच्यांना मी सांगतो, समुद्र खवळलाय, चार दिवस थांबा. अध्यक्ष कशाला झालोय? उद्या शाल पडू दे पोरीच्या अंगावर. चार दिवसांनी तू एकेक टाकी बघ, गाळण्या बदलायच्या हायत म्हणून सांग. कुणाला कळायचं नाय."

तो तिच्या भल्याचंच बोलत होता, म्हणूनच ते जड होतं. द्वारकानं डोळे मिटले. जपाला मिटते तसेच, पण जप आला नाही. वैजयंतीच्या अंगावर शाल पडतानाचं चित्र आलं. मागं जनार्दन उभा, ओठ आवळून हसणारा.

"समुद्र खवळलाय म्हणून कोण थांबेल?" ती हळू म्हणाली. "तो बाबू निजामपूरकर थांबेल? मागल्या वर्षी वादळाचा बावटा लावलेला असताना गेला होता."

बाबू थांबणारा नव्हता.

"आणि एकेक टाकी मी एकटीनं धुवायची तर पोळा उजाडेल. वैजू, तो एकदम गोड्या पाण्यात मरतो म्हणालीस. अजून मरेल?"

वैजयंतीनं मान वर केली. "हा मचूळ पाण्याला सरावलाय, पण निव्वळ गोडं पाणी अजून त्याला सोसणार नाही. टाकी पूर्ण उपसायची, तेल कापडातून गाळून घ्यायचं. आत विहिरीचं उकळतं पाणी दोनदा फिरवायचं. पुसून कोरडी करायची. नवी गाळणी." ती बोटं मोजत होती. "तासाभराचं काम. ज्यानं त्यानं आपापली केली तर उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या होतील. पाणी खाडीत सोडायचं नाही, मी पिंपं मागवते."

"ज्यानं त्यानं करायची तर ज्याला त्याला सांगायला हवं," द्वारका म्हणाली.

म्हादूनं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "वैनी, लोक काय म्हणतील ठाव हाय? म्हणतील, आवशीनं घातलं नि लेकीनं पाळलं."

"म्हणू देत. खोटं नाही ते."

"आणि ओटी?"

हा प्रश्न त्यानं वेगळ्याच आवाजात विचारला. द्वारकानं लेकीकडं बघितलं. तिलाही तेच विचारायचं होतं आणि विचारायचं धैर्य होत नव्हतं.

"उकळून घाल की," वैजयंती म्हणाली. "समुद्राचंच पाणी. उकळायचं, निववायचं, मग सात पळ्या. आणि बाबा करायचे तसं ऑगस्टात पहिल्याच दिवशी काढून टाकायचं."

"उकळलेलं तीर्थ?" म्हादू म्हणाला. "चहा काय गो तो?"

"देवाला दूध तापवून चालतं," द्वारका म्हणाली. "समुद्राला का नाही चालणार?"

म्हादूनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. मग कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली आणि 'नवलाई'कडं चालू लागला. दारातून त्याचा आवाज आला, "माझी मी धुतो. मांडववाल्यांनाही सांगतो, उद्या नको, परवा. नारळ सुकत नाय एका दिवसात."

*

अजून ऊन होतं. द्वारकानं कोनाड्यापुढं हात जोडले, पळी पदरानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. पान्याची पिशवी खांद्याला लावली. बरणी हातात घेतली. झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघितलं.

"मी येते," वैजयंती म्हणाली.

"तू चूल पेटव आणि मोठी कढई ठेव. विहिरीचं पाणी. आणि संस्थेला कळव, आत्ताच. पहिल्या होडीवर मी एकटी जाते."

"का?"

"पळी माझ्या हातात होती."

धक्क्याला चौतीस होड्या रांगेत लागल्या होत्या. नव्या रंगाच्या, नाळेवर झेंडूच्या माळा. सगळ्यांत टोकाला बाबू निजामपूरकरची. तो जाळ्याच्या ढिगावर बसून जाळं तरंगवणाऱ्या बोयरी बांधत होता, तिला बघून हसला.

"काय वैनी, पिशवी घेऊन? माझं इंजिन झ्याक हाय. काल दोन मिनिटं वाजवलं."

फळी ओली होती. द्वारकानं बरणी छातीशी धरली, तोल सांभाळत होडीवर पाय ठेवला.

"सुरू कर बाबू," ती म्हणाली. "दोन मिनिटं नको, माझ्या दोन माळांना लागतो तेवढा वेळ चालू ठेव. आज जप नाही करणार. तेवढ्यात तुला एक सांगायचंय."